मुका कोपरा

आमच्या परसात न्हाणीच्या भिंतीला लागून कपडे धुवायचा एक काळा दगड आहे. एका बाजूनं सरळ कापलेला, बाकी ओबडधोबड. त्याच्यावर ओली चादर आपटली की ‘थप्’ असा आवाज येतो. शेजारणी म्हणतात, कपडे आपटल्यावर दुसरा कसला आवाज येणार? पण मी पाथरवटाची मुलगी आहे. हा दगड मुका आहे हे मला कळतं, आणि तो घरी यायच्या आधीपासून कळत होतं. तेव्हा मी खरं सांगितलं नाही, आणि त्या न सांगण्यानं माझ्या वडिलांचा हात गेला.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. मुरुम नावाच्या बाजारगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. आसपासच्या कुठल्याही गावात गेलात तर अप्पांच्या हातचं काहीतरी सापडेल. कुणाच्या घरचं जातं, कुणाचा पाटा-वरवंटा, देवळापुढचा नंदी, वेशीवरचा मारुती, नाहीतर नुसता उंबरा. आमच्या जिल्ह्याची ओळख काय असं विचारलं तर लोक देवीचं नाव घेतात, नाहीतर दुष्काळाचं. दगडाचं नाव कुणी घेत नाही. किल्ले त्याचे, बारवा त्याच्या, देवळं त्याची, पण पायाखालच्या वस्तूला कोण विचारतो? अप्पांना मात्र त्याचा राग नव्हता. ते म्हणायचे, “आपल्याकडं माणूस जल्मला की दगडाच्या उंबऱ्यातनं आत येतो, अन् मेला की त्येच उंबऱ्यातनं भाईर जातो. आनिक काय ओळख पायजे?”

काळ्या दगडाच्या दोन जाती असतात, बोलका आणि मुका. खाणीतली शिळा आधी पाण्यानं भिजवायची. वरची चीर असेल तर सगळा दगड सुकला तरी तेवढी रेघ ओली राहते. पण पोटातली चीर पाण्याला दिसत नाही, ती कानाला दिसते. चार कोपरे आणि एक मध्यभाग, असे पाच ठोके हातोड्यानं द्यायचे. पाचही ठिकाणी खणखणीत आवाज आला तर दगड बोलका. एक जरी ठोका बसका आला, तर तो दगड पायरीला लावायचा, कुणाला जनावरं बांधायला द्यायचा, पण त्यात मूर्ती बघायची नाही.

आणि आमच्या घराण्यात एक रीत होती. मूर्ती घडवताना फुटली तर आधी दोष कुणाचा ते ठरवायचं. दगड खोटा निघाला तर पाथरवट निर्दोष. मूर्ती विहिरीत सोडायची, अंघोळ करायची आणि दुसऱ्या दिवशी नवा दगड धरायचा. पण दगड खरा असेल आणि हात चुकला असेल, तर छिन्न्याही मूर्तीसोबत पाण्यात सोडायच्या, आणि त्या हातानं पुन्हा देवाला शिवायचं नाही, कुणाला आशीर्वादही द्यायचा नाही. आजोबांच्या वेळेपासून असं कुणावर आलं नव्हतं. लहानपणी मला ती गोष्ट म्हणजे मुलांना धाक दाखवायची बागुलबुवाची गोष्ट वाटायची.

माझं लग्न मोडलं आणि मी परत आले तेव्हा आई नुकतीच गेली होती. मला मुरुमच्या एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी मी अप्पांबरोबर खाणीवर जायची, घरात दोघंच एकमेकांचं तोंड बघत बसण्यापेक्षा ते बरं. असंच एकदा त्यांनी शिळेवर ठोका दिला आणि माझ्याकडं बघितलं.

“काय म्हंतो ग?”

मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. मी ऐटीत म्हणाले, “बोलतोय.” त्यांनी दुसरा ठोका दिला. पुन्हा माझ्याकडं बघितलं. पाचव्या ठोक्याला माझ्या लक्षात आलं की ते दगडाचं ऐकतच नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते. उभा जन्म हातोड्याच्या आवाजात गेलेला, कान केव्हाच संपले होते. उजव्या कानात थोडं काही शिल्लक होतं, तेही जवळ तोंड नेऊन बोललं तर. गावाला वाटायचं पाथरवटाला गर्व झालाय, हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही. अप्पांना ते चालायचं. गर्विष्ठ म्हणा, पण बहिरा म्हणू नका. बहिऱ्याला मूर्तीचं काम कोण देणार?

आम्ही दोघं या विषयावर एक शब्द बोललो नाही. मी त्यांचा कान झाले, एवढंच. एरवी कुणी काही बोललं की अप्पा मान हलवायचे आणि घरी आल्यावर मला विचारायचे, “त्यो काय म्हनला?” मी सांगायची. कधी थोडी गंमतही करायची. एक जण चांगला अर्धा तास त्यांचं कौतुक करून गेला, तर मी सांगितलं, “चहात साखर कमी होती म्हणाला.” अप्पा हसायचे. त्यांना माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. पंधरा वर्षं होती.

मग धाराशिवहून एक सरकारी साहेब आला. जिल्ह्याच्या ठिकाणी नवीन सभागृह बांधलं होतं आणि आत शिरल्याबरोबर जिल्ह्याची ओळख सांगणारं काहीतरी हवं होतं. साहेब मनानं चांगला होता, पण बोलणं कागदावरचं. “आपला काळा पाषाण ही आपली सांस्कृतिक ओळख आहे,” असं तो आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, त्याच काळ्या पाषाणाच्या ओट्यावर. जात्यावर दळण दळणारी बाई घडवायची असं ठरलं. पुरुषभर उंच नाही, पण बसलेल्या माणसाएवढी. एकाच दगडात बाई आणि जातं.

साहेब गेल्यावर मी सगळं अप्पांच्या कानात सांगितलं. त्यांनी ओट्यावर बोटानं एक बसलेली बाई काढली. मग म्हणाले, “तुजी आय बशिवतो.”

आता अडचण दगडाची होती. आमच्या टेकाडातला बोलका थर सगळा संपत आला होता. मोठ्या रस्त्याचं काम सुरू झाल्यापासून खाणीवर क्रशर बसला आणि चांगल्या-वाईटाचा भेद संपला. खडीला काय, बोलका दगडही चालतो आणि मुकाही. ज्या शिळेत नंदी बसला असता ती रोलरखाली जाताना अप्पा बघायचे आणि तोंड फिरवायचे. चार महिने आम्ही शिळा शोधत होतो. उमरग्याच्या बाजूला गेलो, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत गेलो. कुठं दगड सच्छिद्र, कुठं तुकडा लहान. साहेबाचा दर आठवड्याला फोन. अप्पांचं जेवण कमी झालं.

शेवटी आमच्याच खाणीच्या तळाशी एक शिळा निघाली. खाणवाला ओळखीचा. म्हणाला, आज उचला, सोमवारी ती क्रशरला जाणार. ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. साहेबही हौसेनं फोटो काढायला आला होता. अप्पांनी शिळा भिजवली, सुकू दिली. वरती एकही रेघ नाही. त्यांनी हातोडा उचलला. आयुष्यात इतका सुंदर आवाज मी ऐकला नव्हता. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, मध्य. हवेत उभा राहणारा आवाज. मी मान डोलावत होते आणि अप्पांच्या चेहऱ्यावर तो आवाज उमटत होता.

चौथ्या कोपऱ्यावर ‘थप्’.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आईच्या मरणानंतर मी तो चेहरा इतका उघडा कधी बघितला नव्हता. मी मनात हिशेब केला, तो अजून मला पाठ आहे. हा कोपरा कापूनच जाणार आहे. बाईच्या पाठीमागची जागा. चीर तेवढ्यातच असेल. नाही म्हटलं तर सोमवारी सगळं खडीत. आणि पुन्हा अशी शिळा मिळेल कधी? त्यांच्याकडं वर्षं तरी किती राहिलीत?

मी म्हणाले, “बोलतोय.”

कोपरा खरंच कापून गेला. तोच आमच्या परसात धुण्याचा दगड झाला. पहिल्या दिवशी मी त्यावर साडी आपटली तेव्हा तो ‘थप्’ म्हणाला आणि मी स्वतःला समजावलं की बला गेली, पीडा टळली.

सात महिने काम चाललं. ते दिवस सुखाचे होते हे मला कबूल केलं पाहिजे. अप्पा सकाळी अंघोळ करून दगडासमोर बसायचे. शाळेतून आल्यावर मी दगडावर पाणी मारायची, धूळ पुसायची. हळूहळू आईचा खांदा दिसायला लागला. ती दळताना डावा गुडघा वर घ्यायची, तसाच घेतलेला. खुंट्यावरची मूठसुद्धा तिचीच. गावातल्या बायका बघायला येत आणि एकीनं तर ओवी म्हटली. अप्पांना ऐकू आली नाही, पण तिचे ओठ हललेले बघून ते समजले.

डोळे सगळ्यात शेवटी उघडतात. डोळे उघडेपर्यंत दगड, उघडल्यावर मूर्ती. मग ती देवाची असो नाहीतर बाईची. त्या दिवशी साहेब आला, गावातली चार शहाणी माणसं आली, नारळ आला. अप्पांनी सगळ्यात बारीक छिन्नी घेतली. उजवा डोळा उघडला. आई माझ्याकडं बघायला लागली, असंच मला वाटलं आणि मी तोंडावर पदर घेतला. डाव्या डोळ्याला त्यांनी छिन्नी टेकवली आणि हातोडीचा ठोका दिला. ठोका कसला, आपण दारावर बोट वाजवतो तेवढाच. पाठीकडून एक बारीक आवाज आला. मला आला, त्यांना नाही. मग मानेपासून कपाळापर्यंत रेघ धावली आणि चेहऱ्याची डावी बाजू अप्पांच्या मांडीवर येऊन पडली.

अप्पांनी तो तुकडा उचलला, त्याची फुटलेली बाजू बघितली, हात फिरवला. मग सगळ्यांच्या देखत मला विचारलं, “बोलका हुता न्हवं दगड?”

इथं मी खरं बोलले असते तर पाचच माणसांसमोर माझी फजिती झाली असती. ‘बाईच्या कानावर विसंबला आणि फसला,’ असं लोक म्हणाले असते. अप्पा बहिरे आहेत हे फुटलं असतं. त्यांच्यासाठीच मी खरं लपवलं, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते. खोटं आहे ते. मी स्वतःसाठी घाबरले. ज्या माणसानं पंधरा वर्षं माझ्या शब्दावर छिन्नी चालवली, त्याच्यापुढं खोटारडी ठरायला मी घाबरले.

“होय अप्पा. बोलका होता.”

“मंग माजा हात,” ते म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी गावाबाहेरच्या विहिरीवर आम्ही गेलो. गडी माणसांनी मूर्ती आत सोडली. अप्पांनी छिन्न्यांची पिशवी उघडून एकेक छिन्नी पाण्यात टाकली. त्यांच्या वडिलांच्या दोन होत्या, त्या शेवटी टाकल्या. आता सांगावं, आता सांगावं, असं प्रत्येक छिन्नीला मला वाटत होतं. पिशवी रिकामी झाली. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

त्यानंतरची तीन वर्षं कशी काढली विचारू नका. अप्पा ओट्यावर बसून उजव्या हाताकडं बघत राहायचे. तळवा वर, तळवा खाली. एकदा स्वतःच म्हणाले, उमरग्याच्या डॉक्टराला हात दाखवू. डॉक्टरांनी बोटं वाकवून बघितली, मूठ आवळायला लावली आणि हसून म्हणाले, “आजोबांचा हात माझ्यापेक्षा घट्ट आहे. काही झालेलं नाही.” अप्पांनी मान हलवली. बाहेर येऊन एसटी स्टँडवर त्यांनी विचारलं, “काय म्हनला डाक्तर?”

हात चांगला आहे म्हणाले, असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न दगडाचा आला असता. म्हणून मी म्हणाले, “म्हातारपण आहे म्हणाले.”

एक खोटं पचलं की दुसरं आपोआप घशाखाली उतरतं. तिसऱ्याला तर चावावंही लागत नाही. परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी बसले होते आणि मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

धाराशिवला एकदा शाळेच्या कामानं गेले होते, तेव्हा ते सभागृह बघितलं. आत जात्यावरची बाई होती. फायबरची, वरून काळा रंग. गुडघा सरळ, दळणारी बाई कशी बसते हे ज्यानं कधी बघितलं नाही अशानं केलेली. खाली पितळी पाटीवर काळ्या पाषाणाच्या भूमीबद्दल चार ओळी होत्या. कॉलेजच्या मुली तिच्याबरोबर फोटो काढत होत्या. मी जवळ जाऊन बोटानं वाजवून बघितलं. रिकाम्या पिंपासारखी ढबढब वाजली. मला इतका संताप आला की पाटीवर थुंकावंसं वाटलं. मग लक्षात आलं की ही बाई इथं माझ्यामुळंच बसली आहे.

परवाच्या दिवाळीत पाडव्याला मी अप्पांना ओवाळलं. तेल-उटणं झालं होतं, कपाळाला कुंकू लावलं, निरांजन फिरवलं आणि वाकून पाया पडले. डोक्यावर हात आला नाही. मी तशीच वाकून राहिले. वर बघितलं तर त्यांनी उजवा हात पाठीमागं धरला होता.

“नगं माय,” ते म्हणाले. “फुटका हात हाय. तुज्या डोस्क्यावर नगं.”

मी ताट खाली ठेवलं आणि त्यांच्या मनगटाला धरून परसात घेऊन गेले. ते बिचारे लहान पोरासारखे मागं आले. स्वयंपाकघरातून वरवंटा आणि पाटा आणला, त्यांनीच माझ्या लग्नात दिलेला, लग्न मोडल्यावर मी परत आणलेला. त्यांचा तळवा पाट्यावर दाबून धरला आणि वरवंट्यानं ठोका दिला. बोलका दगड हातालाही कळतो, त्याचा नाद मुंग्या आल्यासारखा हाताच्या कोपरापर्यंत चढतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काहीच न कळून. मग मी त्यांचा हात धुण्याच्या दगडावर ठेवला आणि पुन्हा ठोका दिला.

थप्.

त्यांनी हात काढला नाही. मी पुन्हा मारला. ज्या माणसानं पन्नास वर्षं दगड हाताळला त्याला तिसरा ठोका लागत नाही. तो दगड कुठला, कुठल्या शिळेचा, कुठल्या कोपऱ्याचा, हे सांगायला नको होतं, तो त्यांनीच कापलेला होता.

“कवापासनं?” त्यांनी विचारलं.

मी उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ऐकू गेलं नाही, तो कानही आता गेला होता. मग मी ओरडले. “पहिल्या दिवसापासनं! मला आलं होतं ऐकू! तुमचा हात चांगलाय, डॉक्टरबी तसंच म्हणाले होते!” शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. आमचं सगळं गुपित सणाच्या दिवशी गल्लीत गेलं.

अप्पांनी उजवा हात डोळ्यांपुढं धरला. बोटं उघडली, मिटली. त्यांच्या तोंडावर एक क्षणभर हसू आलं, अगदी सुटका झालेल्या माणसाचं. मला वाटलं, आता मारतील. मारावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी मारलं नाही. ते हसू आलं तसं गेलं आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, रागानं नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

“मंग आता म्या कुनाचं ऐकू?”

त्यांनी लोहाराकडून नव्या छिन्न्या करून आणल्या. गेल्या महिन्यात म्हणाले, खाणीवर चल. मी शाळेत रजा टाकली. खाणीच्या अगदी कडेला, क्रशरच्या पट्ट्याजवळ एक शिळा पडली होती. अप्पांनी ती भिजवली, सुकू दिली, हातोडा उचलला. पाच ठोके. पाचही खणखणीत, त्या वेळच्या शिळेपेक्षाही सरस. क्रशरच्या धडधडीतूनही आवाज वर येत होता. अप्पांनी तळवा टेकवून बघितला, पण तिथली सगळी जमीनच थरथरत होती, हाताला काय कळणार? मग नाइलाजानं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“बोलतोय!” मी ओरडले. “अप्पा, पाची ठिकाणी बोलतोय! देवाशपथ!”

ते माझ्या तोंडाकडं खूप वेळ बघत राहिले. मग हातोडा पिशवीत टाकला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले, आणि घराकडं चालायला लागले.

सोमवारी त्या शिळेची खडी झाली.